सगळ्यांसाठी एकच लाडू

फार लांब नाही, पण नकाशात दाखवता येणार नाही, असं एक जंगल होतं. तिथे वाघ राजा होता, तोही रीतसर निवडून आलेला. त्याच्याविरुद्ध उभं राहिलेलं सांबर मतदानाच्या आदल्या संध्याकाळपासून कुणाला दिसलं नव्हतं.

जंगलात तळं एकच, आणि त्याची देखभाल भागी नावाच्या खारीकडे. एकदा सरकारने जनतेच्या सोयीसाठी तळ्याकाठी जागोजाग पोपट बसवले. कुणी पाण्याला तोंड लावलं की पोपट विचारायचा, "तहान लागली आहे का? पाणी कसं प्यावं, सांगू का?" नको असेल त्याने आपापला पोपट हाकलावा, अशी मुभा होती. फक्त दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच असायचा आणि काल का हाकललंत, तेही विचारायचा. रानडुकराने तर तळ्यावर येणंच सोडलं.

सगळे भागीच्या मागे लागले. रोज कुणी किती हाकलायचं, एकदाच काय ते सगळ्यांसाठी बंद करून टाक. भागीची नजर बारीक. सगळे पोपट वडावरच्या थोरल्या पोपटाचं ऐकून बोलतात, हे तिने हेरलं होतं. सकाळी तिने त्याला डिंकाचा लाडू खाऊ घातला, चांगला चिकट. त्याची चोच मिटली आणि काठावरचे सगळे पोपट गप्प झाले. जनावरं पोटभर पाणी प्यायली. भागीच्या झाडाखाली राहणारी टिटवी म्हणाली, "भागे, किती दिवसांनी माझा आवाज मला ऐकू आला गं."

दुपारी गुहेतून बोलावणं आलं. भागी घाबरतच गेली. पण वाघाने तिला शेजारी बसवून काजू दिले.

"एक लाडू, आणि सगळे गप्प?"

"जे एकाचं ऐकून ओरडतात तेवढेच, महाराज."

"असं आणखी कोण ओरडतं?"

भागीला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. ती फुलून गेली. "टिटवी, महाराज. कुणी शिकारीला निघालं की आधी ती ओरडते. तिचं ऐकून वानरं, वानरांचं ऐकून हरणं..." आपण काय बोललो आणि कुणापुढे, हे तिला इथे उमगलं. काजू तोंडात तसाच राहिला.

वाघ हळहळला. "बिचारीचा घसा बसत असेल. सत्कार करू तिचा."

सत्कार थाटात झाला. टिटवीने आजवर जंगलासाठी खूप सोसलं, आता तिच्या विश्रांतीची जबाबदारी सरकारची, असं वाघ म्हणाला. शाल, श्रीफळ आणि रोज सकाळी एक लाडू. लाडू भागीलाच वळायला लावले होते. तिने डिंक कमी घालून पाहिला, पण चव घ्यायला प्रधान कोल्हा शेजारीच उभा होता. चोच मिटण्याआधी टिटवीने एकदा भागीकडे पाहिलं. भागीला रडू कोसळत होतं, पण सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून तिनेही वाजवल्या.

तेव्हापासून जंगलात शांतता आहे. थोरल्या पोपटाचा लाडू मात्र बंद झाला, कारण डिंक पुरत नव्हता. त्यामुळे पोपट पुन्हा बोलू लागले आहेत. पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारतात, "सुरक्षित वाटतं ना?"

आजवर एकाही बेपत्ता हरणाने तक्रार केलेली नाही.