सटव्याचं कानडी

एका गावात एक भोळा कोष्टी होता, सटवा त्याचं नाव. सांगितलं तेवढंच करायचा. कमी नाही, जास्त नाही.

बायको निंगव्वा नदीपलीकडची, कानडी मुलखातली. ह्याला कानडी येईना, तिला मराठी येईना. सहा महिने ती चुलीशीच बोलली नि मग माहेरी निघून गेली. सासऱ्यानं बाजारकऱ्याकडून निरोप धाडला, "जावईबापू, लेकीशी चार शब्द बोलता आले की न्यायला या. तोवर नको."

सटवा गावातल्या शाळेच्या मास्तरांकडं गेला. मास्तरांनी कानडी अक्षरं गिरवून घेतली, रोजचे शब्द शिकवले नि गोष्टींचं कानडी पुस्तक हातात दिलं. "हे मजेसाठी वाच. पाठ करू नको. नाही कळलं तर अडून बसू नको, पुढं जा."

सटव्याला त्यातली कोल्ह्याची गोष्ट फार आवडली. मागावर बसून एकटाच हसायचा. मग एक दिवस फेटा बांधून सासुरवाडीला गेला. दारात सासरा काहीतरी बोलला. सटव्याला कळलं नाही. तो पुढं गेला. घर मागं पडलं, वेस मागं पडली, उसाचे मळे लागले. निंगव्वा दारातून बघतच राहिली.

तो परत आल्यावर मास्तर म्हणाले, "खुळ्या, माणसाला ओलांडून जातात होय? नाही कळलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं."

"बरं."

पुस्तक दुसऱ्यांदा वाचून सटवा परत गेला. सासऱ्याचं बोलणं निम्मं कळलं, निम्मं राहिलं. सटवा उठला, नदी ओलांडून घरी आला, आपल्या उंबऱ्याला पाय लावला नि पहिल्यापासून निघाला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा पाय उचलेना.

"दमल्यावर ताणतोस कशाला? सगळी मजा जाते," मास्तर म्हणाले. "पुस्तकाच्या पानात मोरपिसाची खूण ठेवायची, घरी स्वस्थ पडायचं नि उद्या तिथनंच पुढं."

"बरं."

पुस्तक तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर सटव्यानं जाऊन सासऱ्याला कोल्ह्याची गोष्ट सांगितली, अख्खी कानडीत. सासरा पोट धरून हसला. निंगव्वा गाठोडं घेऊनच बाहेर आली. दोघं बोलत बोलत वाटेला लागले.

संध्याकाळी सटवा मास्तरांच्या दारात. तोंडभर हसू.

"मास्तर, लई मजा आली. ती बोलली ते सगळं कळलं."

"शाबास. आणि निंगव्वा कुठाय?"

"अर्ध्या वाटेत पाय दमले. म्हटलं, ताणायला नको."

"अरे, पण ती कुठाय?"

"चिंचेखाली. जवळ मोरपीस नव्हतं, म्हणून तिलाच खूण ठेवलंय. उद्या तिथनंच पुढं."