तायाप्पाचं हसू

ऐका मंडळी, फार वर्षांपूर्वी आपल्या तांबुळवाडीत तायाप्पा नावाचा पैलवान होऊन गेला. दार भरून जाईल एवढं अंग! चिखलात रुतलेली भरली बैलगाडी तो एकटा उचलायचा, असं म्हणतात. पण देवानं त्याला एक खोड लावून दिली होती. त्याला भारी गुदगुल्या व्हायच्या. कुस्तीत कुणाचा हात बरगडीला लागला की हा खदाखदा हसत सुटायचा आणि हातातली कुस्ती घालवायचा. वस्तादांनी उपाय म्हणून त्याच्या काखेत तालमीतली लाल माती चोळून पाहिली. त्यालाही तो हसला.

एका वर्षी गायरानावरून शेजारच्या ढोकरगावाशी वाजलं. शेवटी ठरलं, जत्रेत कुस्ती लावायची. ज्याचा पैलवान जिंकेल त्या गावाची गुरं तिथं चरतील. ढोकरगावानं भुजंगाला उतरवलं. तो जन्मात कधी हसला नव्हता, असं म्हणतात. बारशालासुद्धा कपाळाला आठी घालून पाळण्यात पडला होता म्हणे.

हलगी कडाडली, सलामी झडली, आणि भुजंगानं दोन्ही हातांची बोटं थेट तायाप्पाच्या बरगड्यांत घातली. कुणीतरी त्याला सांगून ठेवलं असणार! तायाप्पा हसत हसत गुडघ्यावर आला.

"गेलं गायरान! आता गुरं काय माझ्या अंगणात चारू व्हय रं?" वस्ताद ओरडले.

पण तायाप्पाचं हसू थांबेना. देवळाच्या शिखरावरचे पारवे उडाले, गोठ्यातली वासरं हंबरली, हलगी आपोआप वाजू लागली, असं म्हणतात. आधी पंच हसले, मग दोन्ही गावं पोट धरून हसली. शेवटी भुजंगाच्या ओठाचा कोपरा हलला, आणि मग काय, बांधच फुटला! बिचाऱ्याच्या हातापायांतला जोरच गेला. त्याला हसत लढायची सवय कुठं होती? तायाप्पाला तर दुसरी सवयच नव्हती. त्यानं तसंच हसत ढाक डाव टाकला आणि भुजंगा चितपट!

मातीत पडल्या पडल्या भुजंगा म्हणाला, "गड्या, आजून थोडं हस की रं!"

गायरान तांबुळवाडीचं झालं. पण भुजंगा दरसाल खास हसायला यायचा आणि येताना आपल्या गावाची गुरंही हाकत आणायचा. त्यांना परत पाठवायचं सगळ्यांच्याच जिवावर यायचं. ती चरत राहिली.

आजही आमच्या मैदानात सलामी झाली की दोन्ही पैलवान तायाप्पाच्या नावानं एकमेकांच्या बरगडीला बोट लावतात. जो हसत नाही, त्याची कुस्ती लावत नाहीत. पंच त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, "रागावून आलायस लेका. जा, जत्रंत फिर, गोडीशेव खा, हसू आलं की ये. आमी थांबतो."

आणि खरंच, सगळं मैदान त्याच्यासाठी थांबतं.