माशांचं एकमत

खाडीकाठच्या हिरूबायची गळाची काठी मोडली आणि चूल थंडावली. दाजी खोतांकडे दोन विलायती काठ्या होत्या, एक ताठ, एक लवलवती. खोत मिशीला पीळ देत म्हणाले, "गळाला पिसांचा खोटा मासा लावून फेकायला यातली चांगली कुठली? बरोबर सांगशील तर ती तुझी, नाहीतर रिकाम्या हातानं घरी!"

हिरूबायनं ओळखलं, आपण कुठलीही सांगितली तरी खोत दुसरीच चांगली म्हणणार.

"खोतानू, पारख करणारे आपण कोण? गळ गिळतो त्या माशालाच विचारून येते."

दोन्ही काठ्या घेऊन ती गेली, त्या काठ्या परत आल्याच नाहीत. ती मात्र अधूनमधून खोतांकडे ताजा जिताडा मासा घेऊन येऊ लागली.

"काय गो, ठरलं?"

"हा म्हणतो ताठ, कालचा म्हणत होता लवलवती. एकमतच होईना!"

"भांडू देत मेल्यांना," खोत कालवण भुरकत म्हणाले, "घाई कसली?"