तीन पिढ्यांचं तळणीचं तेल

फार फार पूर्वी एका गावात, दिवस उगवून बरोबर चार घटका झाल्या होत्या, तेव्हा एका चिमुरडीने ताटातली पुरी बाजूला सारली आणि म्हणाली, "आई, पोटात जळतंय."

आईने ताट उचलून ठेवलं. महिनाभर हेच चाललं होतं. पोर दिवसेंदिवस वाळत होती.

त्या गावची एक रीत होती. तळण झालं की कढईत उरलेलं तेल मडक्यात ओतायचं आणि पुढच्या वेळी त्यातच थोडं ताजं घालून तळायचं. मडकं कधी रिकामं होऊ द्यायचं नाही. सासू ते सुनेच्या हाती देई आणि सांगे, "हे आटलं की घरची बरकत आटली." या घरचं मडकं तर तीन पिढ्यांचं. तेल काकवीसारखं काळं, चिकट झालेलं, तरी रोज सकाळी त्यातच पुऱ्या निघत.

आईला वाटलं, पोरीला ताकदच कमी पडतेय. तिने भातावर तुपाची अख्खी वाटी उपडी केली. पोरीला आणखीच मळमळलं. आता काय करावं? आईचा जीव तो, ती तडक तेलाच्या घाण्यावर गेली. घाणा एका म्हातारीचा होता.

"आजी, खरं सांगा, कुठलं तेल चांगलं?"

"अगं, मला विचारतेस? मी माझंच म्हणणार की!" आजी हसली. "आधी तुझ्या घरचं आण बघू."

आईने वाटीभर आणलं. आजीने ते पेंडीवर ओतून घाण्याच्या बैलापुढे धरलं. बैलाने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

बैल म्हणाला, "बाई, माझ्या डोळ्यांवर झापडं आहेत, म्हणून मी एकाच जागी फिरतो. तुझे डोळे तर उघडे आहेत. मग तेच तेल पुन्हा पुन्हा का तापवतेस?"

आई ओशाळली.

आजी म्हणाली, "करडई, तीळ, शेंगदाणा, आलटून पालटून वापर. तूप चमचाभर पुरे. पण जळक्या तेलात कितीही ताजं घाल, ते जळकंच. आणि लेकराला रोज तळण कशाला गं? भाकरी दे."

घरी येऊन आईने मडकं ओतायला काढलं, तर सासू उंबऱ्यातच उभी. "ओतून टाकणार? वर गेल्यावर माझ्या सासूला काय तोंड दाखवू?"

"सासूबाई, बरकत मडक्यात असती तर आपली पोर अशी वाळली असती का?"

सासू उंबऱ्यातून बाजूला झाली. तिच्याही छातीत कित्येक वर्षं जळत होतं, पण ती कुणाला बोलली नव्हती.

अंगणातून सासरे ओरडले, "इकडं आणा ते! गाडीचं चाक कधीचं कुरकुरतंय."

मग सासूनेच मडकं उचललं आणि चाकाच्या कण्यावर रिकामं केलं.

पुढच्या पौर्णिमेपर्यंत पोर अर्धी भाकरी जास्त मागू लागली. सासूची जळजळही हळूहळू कमी झाली. मग काय, ती घरोघरी जाऊन विचारू लागली, "तुमचं मडकं दाखवा बघू!" काहींनी ऐकलं. काहींनी दार लावून घेतलं, आणि त्यांच्या घरची जळजळ तशीच राहिली.

बोध: घरची बरकत जपून ठेवलेल्या तेलात नसते, घरातल्या माणसांच्या तब्येतीत असते.

तुमच्या ओळखीत कुणी तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरत असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा. ज्या घरी लहान लेकरं आहेत, तिथे आधी सांगा.