पाठमोरीची ओटी

वाघजाईच्या डोंगराची वाट अर्धी चढून आलं की उजव्या हाताला एक उभा काळा खडक दिसतो. डोक्यावर पदर घेतलेली बाई वर चढता चढता थबकावी, तसा. काळखडी गावात त्याला पाठमोरी म्हणतात. मंडळी, फोटो इथूनच काढा, पलीकडच्या बाजूला कुणी जात नाही. पलीकडे काय आहे म्हणाल, तर नुसता दगड आहे, तरी जायचं नाही. खडकाची ओटी भरतात तीही मागूनच, आणि कुठलीच बाई ती स्वतःसाठी भरत नाही. जिचा हेवा वाटतो, जिचं बरं चाललेलं डोळ्यांत खुपतं, तिच्या नावानं भरते. असला रिवाज तुम्ही दुसरीकडे ऐकला नसेल. तो कसा पडला, ते सांगतो.

बोलपट नवे होते तेव्हाची गोष्ट. चित्रप्रभा नावाची एक नटी होती. सोळाव्या वर्षी पडद्यावर आली आणि बघता बघता घराघरांत पोचली, असं सांगतात. काड्यापेटीवर तिचं चित्र, कॅलेंडरवर तिचं चित्र. तिनं भांग तिरपा पाडला की गावोगावच्या पोरींचे भांग तिरपे. तिच्या एका बोलपटाचं काम या डोंगरावर निघालं. ऊन तोंडावर पाडायला चकचकीत पत्र्याचे तक्ते लावत, आणि ते नीट बसेपर्यंत नटीच्या जागी कुणीतरी उभं राहावं लागे. तिच्या उंचीची, तिच्या बांध्याची मुलगी गावात एकच होती, गुरवाची हौसा.

हौसानं उन्हात ताटकळायचं, डोळ्यांत तिरीप घ्यायची, आणि सगळं जमून आलं की "हो बाजूला" ऐकायचं. मग छत्रीखालून चित्रप्रभा उठायची आणि हौसाच्या पावलांवर येऊन उभी राहायची. तेव्हा कुठं कॅमेरा सुरू होई. नटी स्वभावानं वाईट असती तर बरं झालं असतं, शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण ती हौसाला जवळ बसवून घ्यायची, आपल्या हातानं वाळ्याचं सरबत द्यायची. वाळ्याचंच अत्तर लावायची, म्हणे. एक दिवस तिनं लाडीगोडीनं विचारलं, डोक्यावर घागर घेऊन ही चढण तू कशी चढतेस, मला शिकव की. हौसानं शिकवलं. दोन दिवसांत नटी तशीच चढायला लागली, आणि बघणाऱ्यांनी वाहवा केली ती नटीची. त्या दिवसापासून हौसाच्या पोटात जे पेटलं ते विझेना. जागा माझी, चाल माझी, आणि कौतुक हिचं. ती जळत होती, दुसरा शब्द नाही.

आता गुरवाच्या घरात देवीला गाऱ्हाणं घालायची एक रीत असते. कुणी मूल मागो, कुणी जमिनीचा निकाल मागो, शेवट ठरलेला: "कुणाचं वाकडं न होता होऊ दे." हौसा पाळण्यात असल्यापासून हे ऐकत आली होती. बाप बाजाराला गेलेला पाहून तिनं एकटीनंच कौल लावला. देवीच्या अंगावर ओली पाकळी चिकटवली आणि म्हणाली, "आई, एकडाव तिच्या जाग्याला मला हुबी कर, आन् क्यामेरा चालू ऱ्हाऊ दे. तुला लुगडं निसवीन." पुढचे शब्द ती विसरली की तिनं गिळले, ते तिचं तिला ठाऊक. पाकळी उजवीकडून पडली. देवीनं होकार दिला होता.

चित्रप्रभा चार दिवसांसाठी कोल्हापूरला गेली ती तापानं फणफणली. विषमज्वराला तेव्हा औषध नव्हतं. बाविसावं सरायच्या आत पोरगी गेली. बाजारपेठा आपणहून बंद राहिल्या, बायका घरचंच माणूस गेल्यासारख्या रडल्या. हौसाच्या डोळ्यांना मात्र पाणी आलं नाही. तिला एकसारखी ती पाकळी दिसत होती.

बोलपटाचा शेवट राहून गेला होता. नायिका सगळ्यांकडे पाठ फिरवून डोंगर चढून देवीकडे निघून जाते, एवढाच प्रसंग. दिग्दर्शक गुपचूप गुरवाकडे आले. गाव रानात गेल्यावर काम उरकायचं ठरलं, लोकांना ती चित्रप्रभाच वाटली पाहिजे म्हणून बापाशिवाय कुणाला कळू दिलं नाही. नटीचंच लुगडं हौसाला नेसवलं आणि बजावलं, काही झालं तरी मागं वळायचं नाही. हौसानं मनाशी ठरवलं होतं की वळायचंच. एकदा आपलं तोंड जगाला दाखवायचं, मग होईल ते होवो.

वळायची जागा तिनं हेरून ठेवली होती, हा खडक. इथवर आली, पदर सावरायला हात वर नेला, तर पदराला वाळ्याचा वास. सरबत देताना यायचा तोच. वर देवी, खाली कॅमेरा, आणि तोंड दाखवायला दोन्हीकडे जागा नाही. ती थबकली, पण वळली नाही, तशीच वर चढून गेली. खडक आधीपासून असा होता की त्या दिवसापासून असा दिसायला लागला, यावर गावात दोन तट आहेत. मी कुठल्या तटात, ते विचारू नका.

पुढच्या जत्रेत तंबूत तो बोलपट लागला. शेवटी पाठमोरी बाई डोंगर चढायला लागली आणि सगळा तंबू हुंदके देऊ लागला. हौसाची आई डोळ्यांना पदर लावून लेकीला म्हणाली, "काय चाल हुती गं बाईची. तुला सात जन्मांत जमायची न्हाई."

मेलेल्या माणसाचा हेवा वाटतो, हे हौसाला तेव्हा कळलं. आपली पाठसुद्धा नटीचीच ठरली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं नवसाचं लुगडं देवीला नेसवलं आणि नारळ, तांदूळ घेऊन भर जत्रेत खडकामागं उभी राहिली. "काल जी बगून तुमी रडला ती पाठ माझी हुती," ती म्हणाली. "आन् नवस बी माझाच. शेवटचं सबुद म्या गिळलं." आई मटकन खाली बसली. हौसानं चित्रप्रभाच्या नावानं ओटी भरली आणि तिच्यासाठी उदंड आयुष्य मागितलं.

मग दर जत्रेला भरत राहिली. म्हातारपणी कुणीतरी विचारलं, आजी, गेलेल्या बाईला कसलं आयुष्य मागता, आणि हेवा तरी गेला का? ती म्हणाली, "जातुय कुठला. ती तितं पडद्यावर अजून बावीस वर्सांची हाय. म्हातारी झाली ती पाठ माझी."

आजही जत्रेत पहिली ओटी गुरवाच्या घरची, चित्रप्रभाच्या नावाची. मग बाकीच्यांच्या. जावांच्या नावांच्या सगळ्यात जास्त, हे सांगायला नकोच. तुमच्यापैकी कुणाला भरायची असेल तर नारळ खाली दुकानात मिळेल, नाव मात्र घरून आणलेलं असतं. ते मनात घेतलं तरी चालतं. गाऱ्हाण्याचा शेवट तेवढा मोठ्यानं म्हणायचा, रांगेत मागं उभ्या असलेल्या बाईला ऐकू गेला पाहिजे. नाही गेला, तर ती पुन्हा म्हणायला लावते.