पाचव्या जागेचा डाव

"...पण तिन्हींत खरी झुंज कुठल्या खेळात, चाचा?"

निहाल कुंभोजकर पुण्याहून मिरजेला आला होता आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारत होता. टेबलावर बोटभर उंचीचे रंगवलेले शिपाई मांडून, फितीने अंतर मोजून, फासे टाकून लढाया खेळतात, त्या खेळातला हा गडी. अशा एक सोडून तीन खेळांच्या ढाली घरात. मग पाय जमिनीवर कशाला राहतील?

हुसेनचाचा शिकलगार मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, ह्या खेळातले जुने जाणते. बेंगळुरूच्या देशपातळीवरच्या स्पर्धेला पाच जणांचा संघ जायचा होता. चौघं ठरले होते. पाचवा चाचांनी निवडायचा होता, आणि निहालला ती जागा हवी होती. त्यासाठी तो तीन रात्री धड झोपला नव्हता.

"तूच सांग," चाचा म्हणाले.

निहाल सुटलाच. "मोठ्या फौजांच्या खेळात अर्धी लढाई घरी, फौजेची यादी करतानाच होते. वर घड्याळ लावलेलं. विसरला तो मेला. टोळ्यांच्या खेळात माणसं दहाच. एक तू हलव, एक मी हलवतो. तिथे डोकं तापतं. आणि इतिहासाच्या खेळात हत्ती, नदी, चिखल. तिथे धीर लागतो. मला विचाराल तर..."

"पहिली ढाल मिळाली, तेव्हा समोर कोण होतं?"

"होता कुणीतरी नागपूरचा."

"दुसरीला?"

"चष्मेवाला... शेवटी मला सहा-सहा पडले, चाचा. काय फासे होते ते."

"तिसरीला?"

निहाल आठवू लागला. गुण आठवले, फासे आठवले, माणूस आठवेना.

"बरं," चाचा म्हणाले. "इतिहासाचा मांड. एक डाव खेळू, मग जागेचं बघू."

म्हणजे हरवलं की जागा आपली, असं निहालने ठरवून टाकलं. चाचा तसं काही बोलले नव्हते.

डाव सहा फेऱ्यांचा. मधे निळ्या कापडाची नदी, तिच्यावर लाकडी पूल. शेवटी पुलावर ज्याची माणसं जास्त, तो जिंकला. बरोबरी झाली तर पूल आधी ज्याचा होता त्याचाच. निहालने स्वतः रंगवलेले हत्ती आणि घोडेस्वार डब्यातून काढून मांडले. समोर टेकडीवर चाचांचे वीस तिरंदाज. प्रत्येक फेरीत आधी तिरंदाजांच्या फौजेची पाळी, मग हत्तींच्या.

दुसऱ्या फेरीत हत्ती टेकडीच्या पायथ्याशी आले. तिरंदाजांच्या अगदी टप्प्यात. चाचांनी भालेकरी पुलाकडे सरकवले, चहाचा कप उचलला आणि म्हणाले, "झाली माझी पाळी."

तिरंदाजांनी बाण सोडलेच नव्हते.

विसरले, की विसरल्याचं सोंग केलं, देव जाणे. निहालने ते पाहिलं आणि मूग गिळून बसला. घड्याळाच्या खेळात मुरलेला गडी तो. तिथे समोरच्याला आठवण करून देणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. त्याचे हत्ती टेकडी चढले. तिसरी फेरी संपेपर्यंत विसातले सात तिरंदाज उरले आणि निहालला बेंगळुरू दिसायला लागलं.

"ऊठ," चाचा म्हणाले.

"का?"

"आमच्या घरची रीत आहे. तीन फेऱ्या झाल्या की खुर्च्या बदलायच्या. माझी फौज तुझी, तुझी माझी."

निहालचा चेहरा पडला. तो टेबलाला वळसा घालून गेला आणि बसला. आता तेच हत्ती त्याच्या अंगावर येत होते, आणि त्याच्या हाती सात तिरंदाज.

"चाचा, दुसऱ्या फेरीत ह्यांचे बाण सोडायचे राहिले होते..."

"हं."

चाचा एवढंच म्हणाले. निहालचे कान तापले.

मग मात्र त्याने कंबर कसली. हरलेली फौज सांभाळायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. सात तिरंदाज नदीकाठच्या झाडीत घातले, एक हत्ती चिखलात ओढला, दुसरा बाणांनी पाडला. असा खेळ आपण आजवर खेळलोच नाही, हे त्याला कळत होतं आणि भलताच आनंद होत होता.

"तुझे भालेकरी हलायचेत अजून," चाचा म्हणाले.

निहाल चमकला. "तुम्ही का सांगताय मला?"

"झोपलेल्या गड्याशी कुस्ती धरतात होय?"

सहावी फेरी. निहालचे तीन भालेकरी पुलावर घट्ट उभे. आता फक्त चाचांची शेवटची पाळी. चाचांनी उरलेला हत्ती दोन इंच पुढे घेतला, चिखलातच. चष्मा काढून पुसला.

"झाली माझी पाळी."

निहालने टेकडीकडे पाहिलं. तिच्या मागे त्याने स्वतः रंगवलेले दोन घोडेस्वार, आता चाचांचे, हलवायचे राहिले होते. पूल तिथून आठ इंचांवर, त्यांची धाव दहाची. गप्प बसलं की पूल आपला. जागा आपली. तीन रात्रींचं जागरण सार्थकी.

त्याने फीत उचलली, परत खाली ठेवली.

"चाचा, तुमचे घोडेस्वार राहिले."

"राहिले होय?"

चाचांनी चष्मा चढवला आणि दयामाया न दाखवता दोन्ही घोडेस्वार पुलावर घातले. तीन भालेकऱ्यांसाठी तीन फासे. चार किंवा वर पडलं तर माणूस टिकला. दोन टिकले तरी पूल निहालचा.

पहिला फासा पाच. दुसरा एक. तिसरा टेबलाच्या कडेपर्यंत गरगरत गेला, दोघंही खुर्चीतून उठले, आणि फासा तीनवर बसला.

पूल गेला.

निहाल हरला होता आणि हसत होता. "पुन्हा मांडू या, चाचा. त्या झाडीत मी आधीच शिरायला हवं होतं, आणि तुम्ही तो हत्ती..." बोलता बोलता त्याला आठवलं आणि तो थांबला.

"आणि... ती पाचवी जागा?"

चाचा टेकडीवर तिरंदाज परत उभे करत होते. एकेक, सावकाश.

"तुझी. आता बस, टेबलाच्या कुठल्या बाजूला ते विचारू नकोस."