ग्रहणातली सुई

एका राज्यात राणी सुनेत्रेला मुलगी झाली, आणि तिची निळी नखे पाहून सुईणीने मान फिरवली. मुलीच्या काळजाला जन्मतःच भोक होते.

ग्रहणात गर्भवतीने सुई धरू नये, अशी त्या राज्यात रीत होती. राणीने धरली होती. बाळाचे अंगडे शिवले होते. "आईनेच काळीज भोसकले," लोक म्हणाले. राजा गप्प राहिला. राणीने पुन्हा सुईला हात लावला नाही.

राजकन्या कुमुद चार वर्षांची झाली. थोडे चालली की ती उकिडवी बसे, ओठ जांभळे पडत. एके सकाळी भारद्वाज पक्षी खिडकीत येऊन म्हणाला, "राणी, हे काळीज पुढचा पावसाळा पाहणार नाही. काळ्या डोंगरापलीकडच्या चेटकिणीकडे जा."

राणीने मुलीला पाठीशी बांधले आणि ती निघाली.

चेटकीण म्हणाली, "शापित खजिन्यावरच्या कोळ्याचे सूत आण. निजतळ्याचे पाणी आण. तिसरे मागून सांगेन."

खजिन्यातल्या सोन्याला हात लावणारे दगड होऊन उभे होते. राणीने त्यांच्यामधून जाऊन फक्त सूत घेतले. निजतळे पाहणाऱ्याला कायमची झोप लागे. दोघींपैकी एकीनेही पाहून चालणार नव्हते, म्हणून राणीने तळ्याकडे पाठ केली आणि दोघींनीही डोळे मिटले.

"आई, मागे सर. अजून! पाण्याचा वास येतोय, तुला येत नाही का गं?"

घागर भरली.

"आता तिसरे," चेटकीण म्हणाली. "भोक शिवायला काळीज थांबायला हवे. ते फक्त ग्रहणात थांबते, आणि ग्रहणात माझे हात चालत नाहीत. तू शिव. सूर्य सुटण्याआधी गाठ पडली नाही, तर ते पुन्हा सुरू होणार नाही."

"मी नाही. माझ्याच सुईने हे झाले."

"कोणी सांगितले?"

"सगळ्यांनी."

"त्यांतल्या कोणी काळीज पाहिलेय? घडताना एक टाका राहिला. दोष कोणाचाच नाही."

कुमुदने विचारले, "आई, दुखेल?"

"उठल्यावर दुखेल."

"मग तू इथेच बस."

कुमुद निजतळ्याचे पाणी प्यायली आणि निजली. सूर्य झाकला, काळीज थांबले. राणी शिवू लागली. मध्येच सूत सुईतून निसटले. आकाशाची कड उजळली. राणीने सुताचे टोक ओठांत ओले केले, पुन्हा ओवले, शेवटचा टाका घातला, गाठ मारली. ऊन पडले.

काळीज गप्पच होते.

मग एक ठोका पडला. मग दुसरा. नखे गुलाबी झाली.

राजा वेशीपर्यंत सामोरा आला. "शाप कोणाचा होता?"

"शाप नव्हता, महाराज. तुमच्या प्रजेने मला बोल लावला होता, आणि तुम्ही तो ऐकून घेतलात."

राजाने दवंडीवाल्याच्या हातातून ढोल घेतला आणि भर चौकात स्वतः सांगितले, "ग्रहणात काय केलेस, असे यापुढे कोणत्याही आईला कोणी विचारणार नाही." पण तो हळू बोलला.

"बाबा, मोठ्याने बोला," त्याच्या खांद्यावरून कुमुद म्हणाली. "मागच्यांना ऐकू जात नाही."